संगमनेरच्या आसपास ग्रॅव्हल सायकलिंग: कच्चे रस्ते कुठे आहेत, कोणाचे आहेत आणि कधी जावं?

संगमनेर म्हटलं की बहुतेकांना पुणे-नाशिक महामार्ग आठवतो. चंदनापुरीचा घाट, हिवरगाव पावसाचा टोलनाका, एखादा चहा, आणि गाडी पुढे सिन्नरच्या दिशेने. पण महामार्ग सोडून डावीकडे किंवा उजवीकडे वळलं, की पाच-सात किलोमीटरच्या आत डांबर संपतं. पुढे मुरूम, खडी, पाटाच्या कडेची धूळवाट आणि दोन शेतांमधून जाणारी पाणंद. महागडी सायकल घेऊन युरोप-अमेरिकेतले लोक जे रस्ते शोधत फिरतात, ते हेच. त्या खेळाला नाव आहे ग्रॅव्हल बायकिंग.

पुणे, नाशिक आणि नगरकडचे सायकलस्वार अलीकडे या भागाबद्दल विचारू लागले आहेत. पण 'मस्त ट्रेल आहे, जाऊन या' एवढ्यावर इथे भागत नाही. कारण हे रस्ते सायकलसाठी केलेले नाहीत. ते पाटबंधारे खात्याचे आहेत, वनखात्याचे आहेत आणि सगळ्यात जास्त शेतकऱ्यांचे आहेत.

ग्रॅव्हल बायकिंग म्हणजे नेमकं काय?

ग्रॅव्हल म्हणजे खडी. रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, साधारण ३८ ते ५० मिलिमीटरचे. रोड सायकलचा टायर २५-२८ मिलिमीटरचा असतो आणि तो मुरमावर घसरतो. माउंटन बाइक मुरमावर मजेत जाते, पण डांबरावर जड वाटते. या दोघींच्या मधली जागा ग्रॅव्हल सायकलने घेतली.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया गावाजवळ २००६ पासून भरणारी, आता 'अनबाउंड' नावाने ओळखली जाणारी शर्यत या प्रकाराची पंढरी मानली जाते. २०२२ मध्ये इटलीत पहिली जागतिक ग्रॅव्हल स्पर्धा झाली. अर्थात आपल्याकडे दुधाचे कॅन लावून पाणंदीतून डेअरीपर्यंत सायकल मारणाऱ्यांनी हे नाव न ऐकताच आयुष्यभर तेच केलं, हा भाग वेगळा.

सायकल नवीच घ्यायला हवी असंही नाही. जाड टायर बसणारी हायब्रिड किंवा घरात पडून असलेली माउंटन बाइक इथल्या नव्वद टक्के रस्त्यांना पुरते.

आधी नकाशा समजून घ्या

संगमनेर हे प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावरचं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. पश्चिमेला अकोले तालुका (विदर्भातलं अकोला नव्हे) आणि त्याच्या टोकाला सह्याद्रीची मुख्य धार. राज्यातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, तिथेच आहे. या धारेतून डोंगरांच्या रांगा बोटांसारख्या पूर्वेकडे येतात. प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या मधली रांग बाळेश्वराची, मुळेच्या दक्षिणेची हरिश्चंद्रगडाची. पूर्वेकडे येता येता रांगा बुटक्या आणि उघड्या होत जातात आणि नद्यांची खोरी रुंद होत जातात.

पावसाचा फरक तर थक्क करणारा आहे. संगमनेर पर्जन्यछायेत येतं, वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक बरं म्हणतात. तिथून पश्चिमेला ऐंशी किलोमीटरच्या आतल्या घाटघरला तोच आकडा अनेकदा चार-पाच हजारांच्या घरात जातो, म्हणून वर्तमानपत्रं त्याला 'नगरची चेरापुंजी' म्हणतात. सायकलवाल्यासाठी याचा सरळ अर्थ असा की पूर्वेला काळी माती आणि ऊस, मधल्या पठारावर मुरूम आणि गवत, पश्चिमेला लाल माती, भातखाचरं आणि जंगल. तिन्हीकडचा मोसम वेगळा आणि सायकल चालवण्याची रीतही वेगळी.

'संगमनेरजवळचे जंगलाचे डोंगर' असं ऐकून कुणी आलं तर पहिल्या दिवशी निराशा होईल. शहराभोवतालचे डोंगर बहुतांशी बोडके आहेत. २००६ मध्ये ज्येष्ठ सहकारी नेते भाऊसाहेब थोरात यांनी इथे 'दंडकारण्य अभियान' सुरू केलं, ते याच उजाड डोंगरांवर बिया पेरायला आणि रोपं लावायला. खरी झाडी हवी असेल तर राजूरच्या पुढे जावं लागतं.

नदीकाठ: जोर्वे, ओझर, आश्वी

नव्या माणसाने सुरुवात पूर्वेकडून करावी. संगमनेरहून प्रवरेच्या काठाने जोर्वे, रहिमपूर, ओझर, उंबरी बाळापूर, आश्वी असं उतरत गेलं की चढ जवळजवळ लागतच नाही. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण त्याला दोन्ही बाजूंनी पाणंदी फुटतात आणि त्या पुन्हा कुठेतरी त्याच रस्त्याला येऊन मिळतात. चाळीस-पन्नास किलोमीटरची फेरी अर्ध्या दिवसात आरामात होते.

जोर्वे हे गाव साधं दिसतं, पण भारतीय पुरातत्त्वाच्या प्रत्येक पुस्तकात त्याचं नाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. लाल रंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची मडकी सापडली आणि महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हेच नाव पडलं. तिचा काळ साधारण इसवी सनपूर्व १४०० ते ७००. तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी शेतीसाठी निवडलेली ही जमीन आजही पिकते, हे सायकलवरून डावी-उजवीकडे बघितलं तरी कळतं.

ओझरला प्रवरेवर बंधारा आहे. भंडारदरा धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून इथपर्यंत येतं आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवलं जातं. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि उसावर सहकारी साखर कारखाने. लोणीचा प्रवरानगरचा कारखाना १९५० सालचा, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभा राहिलेला. म्हणजे आश्वी-लोणी भागात तुम्ही ज्या सपाट धूळवाटेवरून चाललात, ती वाट, तिच्या शेजारचा पाट आणि दोन्हीकडचा ऊस ही एकाच गोष्टीची तीन टोकं आहेत.

पाटाच्या कडेची वाट: सगळ्यात मोहाची आणि सगळ्यात अवघड

उपग्रह नकाशावर कालव्याच्या शेजारी एक पांढरी रेघ दिसते. वळणं कमी, चढ नाही, गाड्या नाहीत. ग्रॅव्हल सायकलवाल्याला याहून जास्त काय हवं?

पण ती रेघ सार्वजनिक रस्ता नाही. कालव्याची पाहणी आणि दुरुस्ती करण्यासाठी जलसंपदा विभागाने ठेवलेली ती वाट आहे. कालवा, त्याचा भराव आणि त्यावरची वाट हे सगळं महाराष्ट्र सिंचन अधिनियम १९७६ च्या कक्षेत येतं आणि मनाई असताना भरावावरून वाहन नेणं अंगाशी येऊ शकतं. व्यवहारात गावकरी रोज याच वाटेने शेतात जातात, त्यांना कुणी अडवत नाही. बाहेरून आलेल्या दहा सायकलींची रांग मात्र नजरेत भरते. पाटकऱ्याने थांबवलं तर वाद न घालता उतरून मागे फिरावं.

दुसरी गोष्ट आवर्तनाची. शेतीसाठी ठरावीक दिवस कालव्याला पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. त्या काळात पाट काठोकाठ वाहतो, काठ ओले होतात, गळतीच्या जागी भराव मऊ पडतो. अस्तर केलेल्या कालव्याच्या उतारावर पाय टिकत नाही आणि पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर येणं कठीण जातं. आवर्तन चालू असताना पाटाच्या अगदी कडेने सायकल घालू नये. ही उगाच घातलेली भीती नाही, कालव्यात बुडण्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

आता या भागात नवा पाटही आला आहे. प्रवरेवरच भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरण आहे. त्याची कल्पना १९७० ची, आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. हा कालवा ८५ किलोमीटरचा असून तो अकोले-संगमनेरच्या उत्तरेकडच्या कोरड्या गावांना पाणी देण्यासाठी आहे. तळेगाव दिघे, निमोण ही त्या पट्ट्यातली नावं. पन्नास वर्षं वाट पाहिलेल्या पाण्याबद्दल तिथले लोक हळवे आहेत. कालव्याच्या गेटपाशी फोटोसाठी खेळ करू नये, पाइपलाइनवर सायकल टेकवू नये, एवढं भान ठेवलं तर चहाला बोलावणारेही तिथे भेटतात.

पाणंद कोणाची, बांध कोणाचा?

बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही आणि इथेच भांडण होतं. पाणंद किंवा शिवरस्ता हा वहिवाटीचा रस्ता, बांध ही शेतकऱ्याची हद्द. पाणंदीतून जाण्याचा हक्क सगळ्यांना, बांधावरून जायचं तर मालकाला विचारून.

ओळखायचं कसं? गावनकाशा बघावा. तुटक दुहेरी रेषांनी दाखवलेला तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेषेने दाखवलेला तो पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा' संकेतस्थळावर गट नंबरांचे नकाशे बघता येतात, गावनकाशा मात्र भूमिअभिलेख कार्यालयात किंवा तलाठ्याकडे बघायला मिळतो.

पण नकाशावर एकवीस फूट असलेली पाणंद प्रत्यक्षात सहा फूट उरलेली असते. दोन्हीकडून नांगर सरकत सरकत आलेला असतो. बंद केलेला रस्ता मोकळा करून घ्यायला शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे जातात, आणि असे दावे अनेक गावांत चालू असतात. त्यामुळे पाणंदीच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या दिसल्या तर त्या बाजूला करून आत घुसू नये. त्या दोन भावांच्या भांडणातल्याही असू शकतात.

बिबट्या: अफवा नाही, शेजारी आहे

या भागातल्या उसात बिबटे राहतात. जंगलातून 'वाट चुकून' आलेले नाहीत, इथेच जन्मलेले, इथेच वाढलेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतांत कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या शोधपत्रिकेत आला. दर १०० चौरस किलोमीटरला साधारण ४.८ प्रौढ बिबटे, आणि जवळपास तेवढेच तरस. तेही दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा ठिकाणी. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात पाळीव आणि भटक्या जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के.

बिबट्या माणसाला टाळतो हे खरं. पण संगमनेर, अकोले आणि शेजारच्या जुन्नर पट्ट्यात माणसांवर हल्ले झाले आहेत, मुलं दगावली आहेत, हेही खरं. सायकलस्वारासाठी याचा अर्थ काय? पहाटे अंधारात निघून 'सनराइज राइड' करायची हौस असेल तर ती डांबरी, वर्दळीच्या रस्त्यावर पूर्ण करावी. उसाच्या पाणंदीत ऊन वर आल्यावर शिरावं आणि सूर्य कलण्याआधी बाहेर पडावं. एकट्याने जाऊ नये. पंक्चर काढायला खाली बसलेला माणूस बुटका दिसतो, म्हणून संध्याकाळी उसाच्या कडेला बसून टायर काढू नये. सायकल ढकलत वस्तीपर्यंत न्यावी आणि तिथे उजेडात काम करावं. ऊसतोडीच्या वेळी कधी कधी फडात बछडे सापडतात. आई जवळपासच असते, तेव्हा मोबाईल काढून पुढे जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ फोनमध्ये ठेवावा.

आणि कुत्री. बिबट्या दिसण्यापेक्षा वस्तीवरची कुत्री मागे लागण्याची शक्यता शंभरपट जास्त. वेग वाढवण्यापेक्षा सायकलवरून उतरून ती मधे धरली तर बहुतेक कुत्री भुंकून थांबतात.

पठार आणि आढळेचं खोरं

चंदनापुरी घाटाच्या वरच्या अंगाला, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना संगमनेरचा 'पठार भाग' पसरला आहे. डोळासणे, सारोळे पठार, जवळे बाळेश्वर, घारगाव, साकूर. पाणी कमी, ऊस कमी, म्हणून मुरूम मोकळा. खऱ्या ग्रॅव्हलची मजा इथे आहे. पावसानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत हिरवं असतं, वाटा घट्ट झालेल्या असतात आणि मुरमात पाणी साचत नाही. घाट मात्र महामार्गाने चढावा लागतो आणि तिथे ट्रकची रांग कधीच तुटत नाही. शक्य असेल तर सायकल टेम्पोत टाकून वर न्यावी आणि वरूनच सुरुवात करावी. यात कमीपणा काही नाही.

पेमगिरी हे अर्ध्या दिवसाचं ठिकाण. शहाजीराजांनी १६३० च्या दशकात निजामशाहीच्या लहान वारसाला याच किल्ल्यावर गादीवर बसवून कारभार चालवला. गावापासून थोड्या अंतरावर एकरांमध्ये पसरलेला अवाढव्य वड आहे. त्याच्या पारंब्यांमधून सायकल फिरवायचा मोह आवरावा, लोक तिथे चप्पल काढून जातात.

आढळा ही प्रवरेची उपनदी. तिच्या खोऱ्यातून राजापूर, जवळे कडलग, वीरगाव, देवठाण असं वर जाता येतं. देवठाणला आढळेवर धरण आहे, पुढे टाहाकारीचं जुनं दगडी जगदंबा मंदिर, समशेरपूर, आणि त्यानंतर चढ सुरू. 'बीजमाता' राहीबाई पोपेरे यांचं कोंभाळणे याच बाजूला. रस्त्याच्या शेवटी पट्टा किल्ला. जालन्याच्या मोहिमेवरून परतताना १६७९ मध्ये शिवाजी महाराज इथे मुक्कामाला होते, म्हणून त्याचं नाव विश्रामगड. जाऊन-येऊन एका दिवसात करायचं तर पायात दम हवा. नसेल तर समशेरपूरहून परत फिरलं तरी दिवस सत्कारणी लागतो.

भंडारदऱ्याची फेरी

अकोले, राजूर, शेंडी या वाटेने भंडारदऱ्याला पोहोचलं की धरणाच्या जलाशयाभोवती फिरणारा रस्ता मिळतो. शेंडी, मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल आणि पुन्हा शेंडी, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कागदोपत्री हा बराचसा डांबरी रस्ता आहे. प्रत्यक्षात पावसाने खाल्लेलं डांबर म्हणजे ग्रॅव्हलच. रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव मंदिर, साम्रदला सांदण दरी, आणि सगळीकडून डोंगर अंगावर आल्यासारखे.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं आहे. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क द्यावं लागतं आणि आतल्या पायवाटांवर सायकल घालण्याआधी विचारणं गरजेचं. जंगलात शिरणारी प्रत्येक वाट सायकलची नसते, काही गुरांच्या आहेत, काही पाणवठ्याकडे जातात. मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला इथे एवढ्या गाड्या येतात की शनिवार-रविवारी रात्री रस्ता चालण्यापुरताही उरत नाही. तेव्हा सायकलवाल्याने मधल्या वारी, दिवसा यावं किंवा सरळ ऑक्टोबरची वाट बघावी.

फोनची रेंज शेंडीच्या पुढे भरवशाची नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवावा.

कधी जावं, काय न्यावं?

पूर्वेकडच्या काळ्या मातीत जून ते सप्टेंबर अजिबात जाऊ नये. ही माती ओली झाली की चाक आणि फ्रेमच्या मधे बसते, मग चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. चांगला पाऊस पडून गेल्यावर तीन-चार दिवसांचं कडक ऊन मिळालं तरच पाणंदीकडे बघावं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगले. पण हाच गाळपाचा हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर वळणावर मागे येऊ शकत नाही आणि चालकाला मागचं काही दिसत नाही. त्याला ओव्हरटेक करण्यापेक्षा थांबून पुढे जाऊ द्यावं.

टायरचा खरा शत्रू खडी नाही, काटे आहेत. बाभळीचा, वेड्या बाभळीचा आणि जमिनीलगत पसरणाऱ्या सराट्याचा. शक्य असेल तर ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३० ते ४० पीएसआय हवा पुरते. याहून जास्त भरली तर मुरमावर सायकल उडते. गावातल्या सायकल दुकानात बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचा पंप किंवा ७०० सीची ट्यूब मिळत नाही. दहा-वीस रुपयांचं पितळी ॲडॉप्टर जवळ ठेवलं की मोटरसायकलच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. प्रत्येकी दोन ट्यूब आणि तीन लिटर पाणी, एवढं किमान.

मुरूम किती दिवस राहणार?

या रस्त्यांचे दिवस मोजके आहेत. २००० पासून पंतप्रधान ग्रामसडक योजनेने वाड्या-वस्त्या डांबराने जोडल्या. २०२१ मध्ये राज्याने 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' आणली, तिच्यातून पाणंदी मोकळ्या करून त्यावर खडी-मुरूम टाकून दबाई केली जाते. सायकलवाल्याला हा मधला टप्पा उत्तम. शेतकऱ्याला तो पुरेसा नाही. पावसात पाणंदीत ट्रॅक्टर रुतला की दूध डेअरीत वेळेवर पोहोचत नाही, टोमॅटोचे क्रेट डोक्यावरून आणावे लागतात, आजाऱ्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. 'रस्ता कच्चाच ठेवा, छान वाटतो' असं पाहुण्याने पारावर बसून म्हणू नये.

त्यामुळे गेल्या वर्षी कुणीतरी रेकॉर्ड केलेला मार्ग या वर्षी तसाच असेल असं धरून चालू नका. एखादी पाणंद सिमेंटची झालेली असेल, एखादी नांगरून गेलेली असेल, आणि एखादी तहसीलदारांच्या आदेशाने पहिल्यांदाच पूर्ण रुंदीने उघडलेली असेल. निघण्याआधी त्या गावातल्या कुणाला तरी फोन लावावा, किंवा एसटी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारावं. पाटाला आवर्तन चालू आहे का आणि मागच्या आठवड्यात बिबट्या कुठे दिसला, ही दोन्ही उत्तरं त्याच्याकडे असतात.